आईबाबांना मोतीबिंदूसाठी दवाखान्यात नेताना काय काय करायचं

आईच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब टाकून पाऊण तास झाला होता, तिला समोरचं काहीच नीट दिसत नव्हतं, आणि नेमकं तेव्हाच काउन्सेलिंगच्या टेबलावरच्या मुलीने लेन्सच्या किमतींचा कागद तिच्यापुढे सरकवला, "आजी, बघा यातली कुठली घ्यायची." आईने कागद लांब धरला, जवळ धरला आणि शेवटी माझ्या हातात दिला. "मला काय दिसतंय त्यात, तूच बघ." वर ती मुलगी म्हणत होती की आज बुक केलं तर पॅकेज कमी करून देऊ. त्या दिवशी आम्ही काहीही न ठरवता घरी आलो आणि ते फार बरं झालं.

त्यानंतर दुसऱ्या दवाखान्यात आईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, सासऱ्यांच्या एका डोळ्याचं झालं, मागच्या दिवाळीनंतर मावशीचंही झालं, आणि दर वेळी माझ्या एकच गोष्ट लक्षात आली, की डोळ्यांच्या दवाखान्यात वाचायचं, ठरवायचं, सही करायचं सगळं काम अशा वेळी समोर येतं जेव्हा पेशंटला दिसतच नसतं. यात कुणी मुद्दाम करतं असं नाही, तपासणीचा क्रमच तसा असतो, थेंब आधी आणि बोलणं नंतर. पण म्हणूनच सोबत जाणाऱ्याने तयारी करून जायला हवं, नुसतं हात धरून नेऊन आणून भागत नाही.

सुरुवात घरूनच करायची. दवाखान्यात "काय होतंय आजी?" असं विचारलं की आपली माणसं "दिसत नाही" एवढंच सांगतात आणि गप्प बसतात. त्यापेक्षा जायच्या आधी दोनतीन दिवस नुसतं बघा की त्यांचं नेमकं काय अडतंय. आईचं असं होतं की तांदूळ निवडताना खडे राहायला लागले होते, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती पाय चाचपून टाकायची, आणि संध्याकाळी समोरून गाडी आली की लाईटने काहीच दिसत नाही म्हणून रस्त्याच्या कडेला थांबायची. हे मी मोबाईलमध्ये लिहून नेलं होतं आणि डॉक्टरांनी ते नीट ऐकून घेतलं, कारण ऑपरेशन कधी करायचं हे बरंचसं यावरच ठरतं. अजून एक करा, एकेक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने समोरचं कॅलेंडर वाचायला सांगा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं काम करतो आणि एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाहीये हे महिनोन्महिने कळतच नाही, मावशीचं अगदी हेच झालं होतं.

आणि हो, घरात कुणी कौतुकाने सांगत असेल की आमच्या आजींचा या वयात जवळचा चष्मा सुटला, आता पेपर चष्म्याशिवाय वाचतात, तर आनंद मानून गप्प बसू नका, तपासून घ्या. मोतीबिंदू कडक होताना डोळ्याचा नंबर मायनसकडे सरकतो आणि काही दिवस जवळचं छान दिसायला लागतं, पण ते टिकत नाही.

पिशवीत काय न्यायचं? सगळे जुने चष्मे, जुने कागद, शुगरचा ताजा रिपोर्ट, आणि चालू असलेली झाडून सगळी औषधं. नावं लिहून नेऊ नका, स्ट्रिपाच न्या. दवाखान्यात बीपी आहे का, शुगर आहे का एवढं विचारतात आणि आपण हो नाही म्हणतो, पण सासऱ्यांना प्रोस्टेटसाठी रात्री एक गोळी चालू होती, टॅमसुलोसिन नावाची, आणि लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध म्हणून त्यांनी ती सांगितलीच नसती. मी पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा डॉक्टरांनी ती स्ट्रिप बाजूला काढून कागदावर लाल पेनने लिहिलं. या गोळीने बुबुळाचा रंगीत पडदा ढिला पडतो, ऑपरेशनच्या वेळी तो फडफडतो आणि बाहुली मध्येच लहान होते, आधी माहीत असेल तर डॉक्टर त्या तयारीने बसतात. गोळी बंद केलेली असली तरी सांगायचं, कारण परिणाम नंतरही राहतो. रक्त पातळ करायची गोळी असेल तर तीही दाखवा, पण आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टर काय म्हणतात ते बघा.

तपासणीला सकाळची वेळ घ्या आणि तीन तास धरून चाला. साध्या तपासणीला उपाशी जायची गरज नसते, पोटभर खाऊन नेहमीच्या गोळ्या घेऊनच निघायचं, नाहीतर शुगरवाले पेशंट बाकावर बसून बसून घामाघूम होतात. गॉगल किंवा टोपी न्या, थेंबांनंतर उन्हात डोळे उघडवत नाहीत, आणि पेशंटने स्वतः गाडी चालवत यायचं नाही. सासरे ॲक्टिव्हा घेऊन निघाले होते, मी किल्लीच काढून घेतली. थेंबांचा अंमल चारसहा तास असतो, कधी जास्तही.

आत काय काय होणार हे आदल्या दिवशी समजावून सांगा, कारण निम्मी भीती न कळण्याची असते. आधी तक्ता वाचायला लावतात, मराठी अक्षरांचाही असतो आणि वाचता न येणाऱ्यांसाठी इंग्रजी ई आकाराचा, त्याच्या दांड्या कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. इथे आई पहिल्या वेळी फसली. तिला वाटलं ही परीक्षा आहे, चुकलं तर कसं दिसेल, म्हणून ती अंदाजाने अक्षरं सांगत होती आणि दोन बरोबर आली की माझ्याकडे बघून हसत होती. अंदाजाने वाचलं तर नंबरही अंदाजाचाच निघतो. मग मी तिच्या कानात सांगितलं, आई, दिसत नसेल तर दिसत नाही म्हण, इथे नापास होण्यासारखं काही नाही. कागदावर ६/६०, ६/१८ असं लिहितात त्याचा अर्थ सोपा आहे, धडधाकट डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून दिसतं ते बघायला या डोळ्याला ६ मीटरवर यावं लागतं.

मग एका मशीनवर हनुवटी टेकवून डोळ्यावर हवेचा झोत मारतात, ते डोळ्याचं प्रेशर. आधी सांगितलं नसेल तर माणूस दचकतो आणि परत परत करावं लागतं. मग थेंब, अर्धापाऊण तास डोळे मिटून बसायचं, मग डॉक्टर भिंगातून डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) बघतात. ऑपरेशन ठरलं तर डोळ्याची लांबी वगैरे मोजून लेन्सचा नंबर काढतात. पेशंट कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर त्या मापाच्या आधी काही दिवस काढून ठेवाव्या लागतात, किती दिवस ते विचारून घ्या, नाहीतर माप चुकतं. घरी आल्यावर थेंबांमुळे डोळा खूप दुखायला लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली तर झोपून काढू नका, लगेच परत जा, काही जणांच्या डोळ्याचं प्रेशर या थेंबांनी एकदम चढतं.

डॉक्टरांशी बोलायला पाच मिनिटं मिळतात असं धरा आणि प्रश्न आधीच ठरवून ठेवा. माझे प्रश्न असे असतात, पडदा कसा आहे, प्रेशर किती आहे, काचबिंदू आहे का, आणि ऑपरेशन केल्यावर साधारण किती दिसेल. मोतीबिंदू आणि काचबिंदू यात लोक फार गोंधळ करतात. मोतीबिंदू म्हणजे आतलं भिंग गढूळ झालेलं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्याची नस खराब होते, बहुतेक वेळा वाढलेल्या प्रेशरमुळे, आणि गेलेली नजर परत येत नाही. प्रेशर साधारण १० ते २१ मध्ये असतं, पण आकडा बरा असला तरी नस बघितलीत ना हे विचारायचं. शुगरवाल्यांचा पडदा आधीच खराब असेल तर भिंग कितीही चांगलं बसवा, दिसणं तेवढं सुधारत नाही. हे आधी कळलं तर नंतर डॉक्टरांवर राग निघत नाही आणि आपलाही जीव खट्टू होत नाही.

"अजून पिकला नाही, पिकू दे" हे आता डोक्यातून काढून टाका. पूर्वी तसं करायचे कारण तेव्हाची पद्धतच वेगळी होती. आता फेको नावाच्या पद्धतीत दोनतीन मिलिमीटरच्या छेदातून भिंगाचा चुरा करून ओढून घेतात, आणि मोतीबिंदू जितका कडक तितकं ते काम अवघड. अगदीच पिकला तर डोळ्याचं प्रेशर वाढून कायमचं नुकसान होऊ शकतं. रोजच्या कामात अडायला लागलं की वेळ आली. उलट काहीच अडत नसताना कुणी उद्याच करा म्हणून घाई करत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

आता लेन्स. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आणि सगळ्यात जास्त पैसा. साधी मोनोफोकल लेन्स बसवली की लांबचं स्वच्छ दिसतं आणि वाचायला चष्मा लागतो. डोळ्याला तिरका, म्हणजे सिलिंडरचा, नंबर जास्त असेल तर तो भरून काढणारी टोरिक. मल्टिफोकलमध्ये लांबचं जवळचं दोन्ही बरंच चष्म्याशिवाय दिसतं, पण रात्री दिव्याभोवती वर्तुळं, चमक जास्त जाणवते, आणि पडद्याचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर ती सहसा सुचवत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की घरात, देवळात, शेतावर वावरणाऱ्या आणि वाचायला चष्मा लावायची चाळीस वर्षांची सवय असलेल्या माणसाला मोनोफोकल उत्तम. कर्ज काढून महागडी लेन्स घ्यायची अजिबात गरज नाही. ज्याला चष्मा नकोच आहे आणि डोळा बाकी निरोगी आहे त्याने जरूर विचार करावा.

इम्पोर्टेड म्हणजे चांगली आणि इंडियन म्हणजे हलकी हेही ऐकून घेऊ नका. डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांनी १९४९ मध्ये लंडनला बसवली. लढाईत विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसूनही डोळा ते मुकाट सहन करतो हे त्यांनी बघितलं होतं, तिथून ती कल्पना आली. पुढे कितीतरी वर्षं या लेन्स आपल्याकडे गरिबाला परवडत नव्हत्या, मग मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलच्या लोकांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून त्या इथेच स्वस्तात बनवायला सुरुवात केली आणि आज त्या बाहेरच्या देशांतही जातात. तेव्हा लेन्स कुठल्या देशाची यापेक्षा ती घडी होऊन छोट्या छेदातून आत जाणारी आहे का आणि आपल्या डोळ्याला कुठली बसते हे विचारा.

पैशांचं आधी बघा. सरकारी रुग्णालयात आणि बऱ्याच ट्रस्टच्या शिबिरांत ऑपरेशन मोफत होतं, आणि मोफत म्हणजे वाईट असं नाही, जेजेमध्ये डॉ. तात्याराव लहाने यांच्याकडे गावोगावहून माणसं उगीच जात नव्हती. वय ७० किंवा त्याच्या पुढे असेल तर आयुष्मान कार्ड काढता येतं, उत्पन्नाची अट नाही, पण तुम्ही जाताय त्या हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदू त्यात बसतो का हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला, आधीच विचारा. खासगी विमा असेल तर पॉलिसी उघडून वाचा, मोतीबिंदूला बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, रकमेला वेगळी मर्यादा असते, आणि महागड्या लेन्सचा वरचा पैसा बहुतेक आपल्याच खिशातून जातो.

आणि संमतीचा फॉर्म. थेंब टाकायच्या आधी मागा, मराठीत मागा, आणि नसेल तर सोबतच्याने मोठ्याने वाचून दाखवा. लेन्सच्या किमतींचा कागदही आधी मागा आणि घरी न्या. उद्या फोन करून सांगतो म्हणालात तर कुणी अडवू शकत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ घालून घ्या कारण नंतर बरेच दिवस डोकं धुता येत नाही. काजळ नाही, पावडर नाही, पुढून बटणं असलेला कपडा. सकाळची बीपीची गोळी घ्यायची का, शुगरची घ्यायची का, उपाशी यायचं का हे प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगतात, लिहून घ्या. तीन गोष्टी लोक सांगत नाहीत आणि सांगायला हव्यात, खोकला चालू असेल तर, पाठीवर सपाट झोपलं की धाप लागत असेल तर, आणि ऐकायला कमी येत असेल तर. ऑपरेशन पेशंट जागा असताना होतं, डोळ्याला थेंबांनी किंवा इंजेक्शनने बधिर करतात, तोंडावर हिरवं कापड असतं आणि डॉक्टर सारखं "आजी, लाईटकडे बघा" म्हणतात. ज्याला ऐकू येत नाही तो मान वळवतो. खोकला आला तर आधी तोंडाने सांगायचं, मग खोकायचं, हे आईकडून मी घरी दोनदा म्हणवून घेतलं होतं. काम पंधरावीस मिनिटांचं असतं, बाहेर आपल्यालाच जास्त वेळ वाटतो. आत जाण्यापूर्वी कुठल्या डोळ्यावर खूण केलीय तेवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

खरं काम पुढचा महिनाभर असतं, थेंबांचं. तीन बाटल्या दिल्या होत्या, तिन्ही पांढऱ्या, तिन्ही बोटाएवढ्या, वरची नावं मुंगीएवढ्या अक्षरात. मी काय केलं, बाटल्यांना चिकटपट्टी लावली आणि त्यावर जाड टिकल्या चिकटवल्या, एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन, आईला अंगठ्याने चाचपून कळायचं. घड्याळाच्या वेळा तिच्या लक्षात राहीनात, मग सकाळचा चहा, जेवण, दुपारचा चहा, दिवाबत्ती, झोपताना असं लावून दिलं आणि देव्हाऱ्याशेजारी कागद चिकटवला. थेंब टाकायची रीत अशी, हात साबणाने धुवायचे, आजींना आडवं करायचं किंवा मान मागे टेकवायची, खालची पापणी बोटाने हलकी खाली ओढायची म्हणजे खोबणी होते, त्यात एकच थेंब, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा नुसता मिटायचा, करकचून नाही, आणि नाकाजवळचा कोपरा स्वच्छ बोटाने मिनिटभर हलका दाबायचा म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरा थेंब पाच मिनिटांनी, लगोलग टाकला तर पहिला वाहून जातो. स्टिरॉइडचा पांढुरका थेंब असतो तो हलवूनच टाकायचा, आणि तो दर आठवड्याला कमी करत नेतात, बाटली संपली म्हणून दुकानातून आपल्या मनाने दुसरी आणू नका, त्याने डोळ्याचं प्रेशर वाढतं.

डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही, तोंड ओल्या फडक्याने पुसायचं, चोळायचं नाही, रात्री झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी लावायची. चुलीचा धूर, फोडणी, पिठाची गिरणी, पाण्याची बादली उचलणं हे सगळं बंद. टीव्ही बघितला तर काही होत नाही, त्यावरून घरात भांडू नका. दोन डोळ्यांत फरक राहतो तोवर तोल गेल्यासारखं होतं, जिन्यावर हात धरा.

दुखणं वाढलं, लाली वाढली, आधी दिसत होतं ते कमी झालं, चिपडं यायला लागली, काळे ठिपके नि विजा चमकल्यासारख्या दिसल्या किंवा बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी जायचं, सोमवारची वाट बघायची नाही. मावशीचा डोळा तिसऱ्या रात्री ठणकायला लागला आणि कागदावरचा नंबर लावला तर रात्रभर कुणी उचललाच नाही. सकाळी दार उघडायच्या आधी आम्ही पायरीवर जाऊन बसलो, प्रेशर वाढलं होतं, औषधाने उतरलं, पण ती रात्र मी विसरणार नाही. म्हणून घरी सोडतानाच विचारा, रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा, आणि तो नंबर तिथेच उभं राहून लावून बघा.

चष्म्याचा नवा नंबर महिना दीड महिन्याने काढतात, त्याआधी घाई करू नका. आणि पुढे काही महिन्यांनी वर्षांनी परत धूसर झालं तर मोतीबिंदू परत आला असं नसतं, डोळ्यातल्या ज्या पातळ पिशवीत लेन्स बसवतात तिच्या मागच्या बाजूवर जाळी येते, ती लेझरने काही मिनिटांत निघते.

ऑपरेशननंतर एक स्टिकर देतात, त्यावर लेन्सचं नाव, पॉवर आणि नंबर असतो. त्याचा फोटो काढा, फाइलमध्ये चिकटवा, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तो लागतो. पट्टी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात गेली, फडताळातले स्टीलचे डबे एकेक करून खाली उतरवायला लागली आणि म्हणाली, "अगं किती चिकटा साचलाय यांना, आणि ही भिंत पांढरी आहे होय, मी इतके दिवस पिवळीच समजत होते." डबे मी तिच्या हातून काढून घेतले, घासले मीच.

दोन महिन्यांनी दुसऱ्या डोळ्यासाठी गेलो तेव्हा खिडकीवरच सांगितलं, थेंब नंतर, आधी कागद द्या. आईने चष्मा लावला, कागद हातात घेतला, वरून खालपर्यंत सावकाश सगळ्या किमती वाचल्या, फाइलमधला स्टिकर बाजूला धरून नाव जुळवलं आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून तिथल्या काउन्सेलिंगच्या मुलीला म्हणाली, "ही. पहिल्या डोळ्यात हीच आहे."